जुनं रो हाऊस नीट करून मागे एक खोली वाढवायचीय, शक्यतो जुनंच सामान वापरून. सुरुवात कुठून करू?

मधली_खोली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतंच वाचतेय, आज विचारतेच.

आम्ही दोघांनी गेल्या वर्षी एक जुनं रो हाऊस घेतलं. रांगेतलं मधलं घर, त्यामुळे डावी-उजवी भिंत शेजाऱ्यांशी सामायिक आणि उजेड फक्त पुढून नि मागून. रुंदी साधारण १५ फूट, लांबी ४० फूट, तळमजला आणि वर एक मजला. भिंती विटांच्या आणि चांगल्या जाड, मजल्याला लाकडी तुळया आणि त्यावर फळ्या. मधल्या खोलीत भर दुपारी बारालासुद्धा दिवा लावावा लागतो. मागच्या अंगणात १० बाय १५ ची खोली काढून स्वयंपाकघर तिकडे न्यायचं असा विचार आहे, म्हणजे मधली खोली बसायला मोकळी होईल.

एका ठेकेदाराला बोलावलं होतं, त्यांनी दहा मिनिटांत घर बघितलं आणि म्हणाले सगळं उचकटून टाकू, फळ्या काढून स्लॅब टाकू, खिडक्या-दारं सगळी नवी करू, भिंतींना सिमेंटचं प्लास्टर मारू, एकदाच काय ते होऊन जाईल. ऐकून पोटात कालवलं हो. मागच्या दाराचा उंबरा मधोमध इतका झिजलाय की त्यात हात ठेवला तर तळवा बरोबर बसतो. किती माणसं त्यावरून गेली असतील. तो कचऱ्याच्या गाडीत टाकायचा?

आम्हाला खरंच शक्य तितकं आहे ते ठेवायचंय, आणि वाढीव खोलीसाठी पाडलेल्या घरांच्या विटा, लाकूड, दारं-खिडक्या वापरायच्यात. पण कळत काहीच नाही. तळमजल्याच्या भिंतींना जमिनीपासून तीनेक फूट ओल आहे, रंगाचे पोपडे पडतात, पांढरी पावडर सुटते, तिथे आधी कोणीतरी सिमेंटचं प्लास्टर केलेलं दिसतंय. जुन्या विटा नवीन भिंतीला चालतात का? लाकूड आतून किडलेलं आहे की चांगलं ते कसं ओळखायचं? जुन्या काचेच्या खिडक्या वापरल्या तर घर गरम-थंड राहील का? आणि मुख्य म्हणजे आधी काय करायचं, क्रम काय? कोणी केलं असेल तर जरा सविस्तर सांगा प्लीज.

चुना_आणि_विटा

ताई, पहिली गोष्ट, तो उंबरा जागचा हलवू नका, आणि ठेकेदाराला सध्या थांबवा. घरात जे आधीच उभं आहे त्याहून पर्यावरणाला चांगलं सामान बाजारात कुठेच मिळत नाही, कारण ते भाजायला, कापायला, वाहून आणायला लागलेली ऊर्जा केव्हाच खर्च होऊन गेलीय. ते तोडून फेकलं आणि दुसऱ्या कोणाच्या घराचं "जुनं" सामान आणून लावलं तर दिसायला छान दिसेल पण हिशोब उलटाच. म्हणून आधी आहे ते ठेवायचं, ठेवता येत नाही ते घरातच दुसरीकडे वापरायचं, मग बाहेरून जुनं आणायचं, आणि अगदी शेवटी नवं. आम्ही आमच्या घराला सहा वर्षं झटतोय, त्यात सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच.

आता ओल. तुमचं वर्णन वाचून माझी जवळजवळ खात्री आहे की ओल भिंतीत शिरण्यापेक्षा तिला बाहेर पडता येत नाहीये ही खरी अडचण आहे. जुन्या भिंती विटा आणि चुन्याच्या. विटेत जमिनीतून थोडं पाणी चढतंच, पण चुना सच्छिद्र असतो, त्यामुळे ते पाणी विटांमधल्या दर्जांमधून (सांध्यांमधून) आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जायचं आणि भिंत कोरडी राहायची. त्यावर कोणी सिमेंट थापलं की ही वाट बंद. मग पाणी वर वर चढत जातं, सोबत क्षार नेतं, आणि जिथे जरा वाट मिळेल तिथे पाणी उडून क्षार मागे राहतात, तीच तुमची पांढरी पावडर. पुन्हा सिमेंट मारलं तर तीन फुटांची ओल चार फुटांवर जाईल.

आधी बाहेर जाऊन बघा. बाहेरची जमीन किंवा फरशी आतल्या जमिनीपेक्षा निदान ६ इंच खाली हवी. जुन्या घरांत वर्षानुवर्षं फरशीवर फरशी बसत जाते आणि बाहेरची जमीन जोत्याच्या वर येते, मग पाणी थेट भिंतीत. पन्हळी, पाइप, सांडपाण्याची जोडणी हेही बघा. यातलं निम्मं काम एक कुदळ आणि एक शनिवार-रविवार घेऊन होतं. मग सिमेंटचं प्लास्टर हळूहळू काढा, भिंत काही महिने उघडी राहू द्या, आणि नंतर चुन्याचा गिलावा. घाई अजिबात करू नका, जाड भिंत सुकायला वर्षसुद्धा लागतं.

चुन्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण यात लोक फसतात. चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते, सिमेंटच्या भट्टीला मात्र १४५० अंशांच्या आसपास जावं लागतं. भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेत घेत पुन्हा दगड होतो, अर्थात भाजताना लागलेलं इंधन काही परत येत नाही, पण तरी. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे होतो हे लक्षात घेतलं तर जिथे सिमेंटची गरज नाही तिथे ते का ओतायचं.

चुनकळी घरी विरवणार असाल तर जपून. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यायचं आणि त्यात थोडी थोडी कळी सोडायची, कळीवर पाणी कधीच ओतायचं नाही. पहिली दोनेक मिनिटं काहीच होत नाही, माणूस म्हणतो कळी मेली वाटतं, आणि मग एकदम खदखदायला लागतं, वाफ येते, पिंपाला हात लावला तर चटका बसतो. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा आणि हातमोजे पाहिजेतच. विरलेला चुना पाण्याखाली काही महिने झाकून ठेवला की लोण्यासारखा मऊ होतो. हे सगळं नको असेल तर तयार भिजका चुना घ्या, किंवा पाण्यातही घट्ट होणारा हायड्रॉलिक चुना मिळतो त्यावर २, ३.५, ५ असे आकडे असतात, आकडा जितका मोठा तितका चुना कडक. आतल्या जुन्या मऊ विटांना कडक चुना लावायचा मोह टाळा. गिलावा नेहमी विटेपेक्षा मऊ हवा, म्हणजे पुढेमागे काही झिजलं तर गिलावा झिजेल, वीट शाबूत राहील.

आमच्याकडे एका गवंड्याने लवकर सुकावं म्हणून आम्हाला न विचारता चुन्यात सिमेंट कालवलं. वर्षभरात गिलाव्याचे पत्रे सुटले आणि सोबत विटांचे चेहरेही निघून आले. ती भिंत बघितली की अजून वाईट वाटतं. तेव्हा कामावर जो कोणी असेल त्याच्याशी हे आधी स्पष्ट बोला, आणि पहिल्या दिवशी माल कालवताना स्वतः उभं राहा.

जुन्या विटा चालतात, छान चालतात, पण चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या असतील तरच. बोथट छिन्नीने किंवा थापीच्या कडेने दोन टपल्या मारल्या की चुना खपलीसारखा सुटतो आणि खाली स्वच्छ वीट मिळते. सिमेंटमधल्या विटांचं तसं नाही, सिमेंट सुटायच्या आधी वीटच फुटते, त्या भरावाला वापरा. दोन विटा एकमेकींवर आपटून बघा, खणखणीत आवाज आला तर पक्की भाजलेली, बद्द आवाज आला तर कच्ची किंवा तडकलेली. नखाने ओरखडा उठता कामा नये. शंका असेल तर कोरडी वीट वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, परत वजन करा. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं तर ती वीट बाहेरच्या भिंतीला नको. जुन्या घरांत भिंतीच्या आतल्या बाजूला मुद्दाम कमी भाजलेल्या विटा घालायचे, पाडताना सगळ्या एकत्र होतात आणि ढिगात कळत नाही, म्हणून एकेक वाजवून बघायचाच. आणि माप घ्या. जुनी वीट नव्या विटेपेक्षा उंचीला काही मिलिमीटर इकडेतिकडे असते, दहा थरांत तो फरक बोटभर होतो आणि नव्या भिंतीचे थर जुन्या भिंतीशी जुळत नाहीत. लागतील त्यापेक्षा १० ते १५ टक्के जास्त घ्या, नंतर त्याच घराच्या विटा परत मिळत नाहीत.

रंधा_आणि_करवत

मी सुतारकाम करतो, लाकडाचं सांगतो.

तुमच्या तुळया आधी तपासा, त्या बदलायचं मनातही आणू नका. तुळई मधे सहसा कुजत नाही, कुजते ती टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते, आणि तुमच्या भिंती ओल्या आहेत म्हणजे तिथे बघावंच लागेल. कडेच्या दोन-तीन फळ्या उचला, एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि तुळईच्या टोकाला दाबून बघा. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही, कुजलेल्यात लोण्यात सुरी जावी तसं जातं. हातोडीने वाजवलं तर चांगली तुळई टणक बोलते, पोकळ असेल तर आवाज बसका येतो. बारीक भोकं दिसली तर घाबरू नका, भोकाखाली ताजा पिवळट भुसा पडतोय का ते बघा. खाली काळा कागद अंथरून आठवडाभर ठेवा, भुसा पडला तर कीड बहुधा जिवंत, नाही पडला तर बहुधा ती कधीच येऊन गेली.

टोक कुजलं असलं तरी अख्खी तुळई काढायची गरज नाही. कुजलेलं कापून टाकायचं, दोन्ही बाजूंनी नवीन चांगलं लाकूड बोल्टने आवळायचं, ते किती लांब घ्यायचं आणि बोल्ट किती ते इंजिनिअर ठरवेल. मी अशा कितीतरी तुळया वाचवल्यात. पण ओल बंद केल्याशिवाय हे काम करू नका, नाहीतर नवीन लाकूडही त्याच वाटेने जाईल. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या खाली असला की सहसा कुजत नाही, ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते घ्याच.

फळ्या काढताना मागच्या बाजूला खडूने नंबर घाला आणि कोणती बाजू खिडकीकडे होती तो बाण काढा. वर्षानुवर्षं शेजारीशेजारी राहून त्या एकमेकींच्या आकाराला बसलेल्या असतात, क्रम बदलला की फटी पडतात. एकाच पहारीने उपटू नका, दोन पहारी दोन बाजूंनी लावून थोडं थोडं उचला, खिळा फळीत राहिला तरी चालेल, नंतर मागून ठोकून काढता येतो. समोरून ओढला तर चेहरा खराब होतो.

बाहेरून जुनं लाकूड आणलंत तर रंधा किंवा मशीन लावायच्या आधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. मोडलेला खिळा वरून दिसत नाही, मी एकदा असाच विश्वास ठेवला आणि पातं तुटून कानाजवळून गेलं. सगळे खिळे निघेपर्यंत मशीन चालू करायचंच नाही हा माझा तेव्हापासूनचा नियम. आणलेलं लाकूड लगेच वापरू नका, जमिनीपासून वर, दर दोन फुटांवर पट्ट्या टाकून, वारा खेळेल असं रचून घरातच काही आठवडे ठेवा.

जुन्या रंगाबद्दल फार कळकळीने सांगतो. जुन्या दारा-खिडक्यांच्या तेलरंगात शिसं असू शकतं. कोरडं घासायचं नाही, जाळून काढायचं नाही. ओलं करून खरवडा, मास्क लावा, कचरा पिशवीत बंद करा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ते काम चालू असताना त्यांनी तिथे राहू नये.

आणि दारांचं एक. आधी दार घ्या, मग भिंतीत भोक ठेवा. लोक नकाशा काढतात, भिंत बांधतात, आणि मग जुनं दार शोधायला निघतात. जुन्या दारांची मापं कशाशीच जुळत नाहीत. मग दार कापावं लागतं, कापलं की चौकटीचे सांधे जातात आणि दाराचं आयुष्य संपतं. जड सागवानी दार असेल तर तीन बिजागऱ्या, दोन नाही.

मधली_खोली

बापरे, किती मनापासून लिहिलंय तुम्ही दोघांनी, डोळ्यात पाणी आलं खरंच. रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याने लगेच टॉर्च घेऊन कडेची फळी उचलली. तीन तुळयांची टोकं बघितली, दोन टणक, एकीत स्क्रूड्रायव्हर पाऊण इंच गेला.

आता एक भीती. मागच्या खोलीसाठी पाया खणावा लागेल, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती अगदी लागून आहेत. आणि स्वयंपाकघर मधल्या खोलीला जोडायला आमची मागची भिंत फोडून मोठी मोकळी जागा करायची म्हणतोय. त्याला वर जुना लोखंडी गर्डर मिळाला तर चालेल का?

आधी_पाया

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. वरचे दोघं बरोबर सांगतायत, पण तुमच्या या शेवटच्या परिच्छेदात खरा धोका आहे म्हणून जरा कडक लिहितोय.

रांगेतलं घर एकटं उभं नसतं. तुमची भिंत म्हणजे शेजाऱ्यांची पण भिंत, तिचा पाया किती खोल आहे हे कोणालाच माहीत नसतं, आणि जुन्या घरांचे पाये बऱ्याचदा फार उथळ असतात. शेजाऱ्याच्या पायाच्या खाली सलग चर खणलात तर माती सरकून त्यांची भिंत बसू शकते. म्हणून आधी एक छोटा खड्डा घेऊन पायाची खोली प्रत्यक्ष बघा. त्याखाली जावं लागणार असेल तर एका वेळी साधारण मीटरभराचाच तुकडा खणायचा, भरायचा, तो घट्ट झाला की मधला तुकडा सोडून पुढचा. ज्याने हे आधी केलंय त्याच्याकडूनच. शेजाऱ्यांना आधी सांगा, लेखी सांगा, आणि त्यांच्या घरातल्या आत्ताच्या भेगांचे तारीख टाकून फोटो दोघांनी मिळून काढून ठेवा. यानेच पुढची निम्मी भांडणं टळतात. परवानगीचे तुमच्याकडचे जे नियम असतील ते पाळूनच.

नवी खोली जुन्या घराला घट्ट शिवू नका. जुनं घर बसायचं तेवढं बसून झालंय, नवं अजून बसणार आहे, त्यामुळे मधे सांधा ठेवायचा जो थोडी हालचाल सोसेल. नाहीतर जोडावर उभी भेग पडणार म्हणजे पडणारच, आणि मग लोक चुन्याला दोष देतात.

मागची भिंत तुमच्या वरच्या मजल्याचं आणि छपराचं ओझं घेते. टेकू न देता एक वीटसुद्धा काढायची नाही. जुना गर्डर चालतो, लोखंड वितळवून पुन्हा करण्यापेक्षा आहे तसं वापरणं केव्हाही चांगलं, पण वाकलेला नको, पापुद्रे सुटलेला गंज नको, मधेमधे कोणी भोकं पाडलेली नकोत. लोखंडाचा एक छोटा तुकडा कापून प्रयोगशाळेत त्याची ताकद तपासता येते, ती कळली की मी किंवा माझ्यासारखा कोणी हिशोब करून देईल. गर्डरची टोकं थेट जुन्या विटांवर टेकवू नका, खाली दगडाचा किंवा काँक्रीटचा ठोकळा हवा, नाहीतर टोकाखालच्या विटा चुरतात.

पायाला काँक्रीट लागेलच, त्यात वाईट वाटून घेऊ नका. पण सिमेंटचा निम्मा भाग लोखंड गाळायच्या झोतभट्टीतल्या मळीची बारीक पूड घालून कमी करता येतो, फक्त ते हळू घट्ट होतं, साचे लवकर काढायचे नाहीत. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड घातलेलं एलसी३ सिमेंट मिळालं तर तेही घ्या, त्यात साध्या सिमेंटपेक्षा सुमारे ४० टक्क्यांपर्यंत कार्बन कमी होतो. पाडलेलं काँक्रीट आणि फुटक्या विटा जमिनीखालच्या भरावाला वापरा, घराबाहेर जाऊ देऊ नका.

विटा कमी पडल्या तर रॅट ट्रॅप बाँड बघा, लॉरी बेकर यांनी भारतात लोकप्रिय केलेली पद्धत. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, आत पोकळी राहते, नेहमीच्या ९ इंची भिंतीपेक्षा साधारण २५ टक्के विटा वाचतात आणि पोकळीमुळे आत ऊनही कमी लागतं. पण त्याला एकसारख्या मापाच्या, कडा शाबूत असलेल्या विटा लागतात आणि भूकंपाचा भाग असेल तर पोकळीत सळया, हे मात्र हिशोब करूनच.

उजेड_हवा

एक मूळ गोष्ट कोणी बोललं नाही. ताई, मागची अख्खी १५ फूट रुंदी खोलीने भरलीत तर मधल्या खोलीत आत्ता जो थोडा उजेड येतोय तोही जाईल. आम्ही नेमकं हेच केलं आणि चार वर्षं दिवे लावून बसलो. तीनेक फुटांची पट्टी एका बाजूला उघडी सोडा, किंवा नव्या खोलीचं छप्पर जिथे जुन्या घराला भेटतं तिथे वरून काच घाला. वरची काच उभ्या खिडकीपेक्षा कितीतरी जास्त उजेड आणते कारण ती थेट आभाळ बघते. उन्हाचा त्रास होणार असेल तर त्याला सावली आणि उघडता येईल अशी झडप ठेवा, गरम हवा वरून निघून जाते.

जुन्या खिडक्यांचं विचारलंत ना, त्या बाहेरच्या भिंतीला नकोत असं माझं मत. एकेरी काच उष्णता सरळ आत-बाहेर जाऊ देते. पण मधल्या खोलीच्या आणि जिन्याच्या भिंतीत, दारांच्या वर, अशा आतल्या जागी लावा, एका खोलीचा उजेड दुसरीत जातो. आमच्याकडे जिन्यावर जुन्या रंगीत काचांची एक खिडकी आहे, दुपारी साडेतीनला पायऱ्यांवर हिरवा तुकडा पडतो आणि हळूहळू दोन पायऱ्या खाली सरकतो. फक्त पायाशी येणारी जुनी काच सुरक्षित नसते, तिथे टफन काच घाला.

कोरडं_घर

थोडा वेगळा सूर लावतो. जुनं वापरायच्या भरात वायरिंग, नळ, गॅसच्या जोडण्या जुन्या ठेवू नका, या तीन गोष्टी नव्याच. जुने सिमेंटचे नालीदार पत्रे, पाइपांवरची जुनी वेष्टणं, काही जुन्या फरशा यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, कापू नका, फोडू नका, आधी तपासून घ्या आणि ते काम शिकलेल्या लोकांकडून काढून घ्या.

आणि उष्णतेचा विचार आधी करा. रांगेतल्या मधल्या घराला हा मोठा फायदा आहे की दोन बाजू शेजाऱ्यांनी झाकलेल्या, उरलं छप्पर, पुढची-मागची भिंत आणि जमीन. म्हणून पहिलं काम छपराखाली. जुन्या कागदाच्या लगद्याचं, कॉर्कचं, लाकडाच्या तंतूंचं, लोकरीचं असं बरंच काही मिळतं. कॉर्क किंवा लाकडी तंतूंच्या बोर्डातून उष्णता जाण्याचा आकडा ०.०४ च्या आसपास आणि साध्या विटेचा ०.६ ते ०.८, म्हणजे तेवढ्याच जाडीत पंधरा-वीस पट फरक. भिंतींना आतून लावायचं असेल तर वाफ अडवणारं प्लास्टिक किंवा फोम नको, तंतूंचा बोर्ड आणि वर चुना, म्हणजे भिंतीचा श्वास चालू राहील. आणि फार जाड लावू नका. आतून जाड थर लावला की त्या थरामागची भिंत आणखी थंड होते आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं पुन्हा ओली व्हायला लागतात. इथे थोडक्यात समाधान मानलेलं बरं.

रंधा_आणि_करवत

@कोरडं_घर हे तुळयांच्या टोकांचं अगदी बरोबर. मी ज्या दोन घरांत चांगल्या तुळया नंतर कुजलेल्या पाहिल्या तिथे दोन्हीकडे भिंतीला आतून फोम होता.

मधली_खोली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, प्रत्येकाचं वहीत उतरवून घेतलंय. एवढ्यात झालेलं सांगते.

बाहेर जाऊन माप घेतलं तर मागची फरशी आतल्या जमिनीपेक्षा चार इंच वर होती, खाली नाही, वर! भिंतीलगतच्या दोन ओळी उचकटल्या, खाली आणखी एक फरशी, तिच्याखाली आणखी एक. तिथे आता हातभर रुंद चर करून खडी भरलीय आणि पन्हळीचा फुटका सांधा बदललाय. आत एका कोपऱ्यातलं सिमेंट काढलं तर वीट बोटाला गार आणि ओली लागत होती, आता दोन आठवड्यांनी वरचा फूटभर भाग रंगाने फिका झालाय.

इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येतायत, पायाचा खड्डा त्यांच्यासमोरच घेऊ. डाव्या बाजूच्या काकूंना सगळं सांगितलं, त्यांच्या भेगांचे फोटो काढले, आणि त्यांनीच सांगितलं की त्यांच्या परसात पाडलेल्या न्हाणीघराच्या विटा पडून आहेत, घेऊन जा. आमच्याच रांगेच्या, त्याच मापाच्या, चुन्यातल्या! काल दोघांनी बसून १४० साफ केल्या, वाजवून बघितल्या, त्यातल्या २६ बद्द वाजल्या त्या भरावासाठी वेगळ्या रचल्या.

खोलीची रुंदी १५ वरून १२ केलीय, तीन फुटांची पट्टी उघडी ठेवतोय. आणि मागचं दार त्याच जागी राहणार, आता ते दोन खोल्यांमधलं दार होईल, उंबऱ्यासकट.